तू लेफ्ट की राइट?

डेटिंग अ‍ॅप असो, ऑफिसचं कँटीन असो की फॅमिली ग्रुप, हा प्रश्न आता सगळीकडे विचारला जातो. पण उत्तर ज्या शब्दांत द्यायचं, ते शब्दच अधूनमधून जागा बदलत असतील तर?

उंची? लिहिली. जॉब? लिहिला. स्मोकिंग? 'कधीकधी'वर टिक मारली (आईला हे दिसणार नाही याची खात्री करून). डेटिंग अ‍ॅपवरचं प्रोफाइल इथपर्यंत कसं झरझर भरलं जातं. मग येतो पॉलिटिक्सचा रकाना. लिबरल, मॉडरेट, कॉन्झर्व्हेटिव्ह, नॉट पॉलिटिकल. निवडा एक! आणि इथे भल्याभल्यांचा अंगठा स्क्रीनवर अधांतरी लटकतो.

कारण आपल्याला पक्कं ठाऊक असतं, की समोरची व्यक्ती या एका शब्दावरून आपलं ताट, आपला देव, आपलं मत आणि आपले मित्र, सगळं ओळखून मोकळी होणार. स्वाइप डावीकडे करायचं की उजवीकडे, याचा निकाल तिथेच लागणार.

ऑफिसात तरी वेगळं काय चालतं? लंच टेबलवर कोणी म्हणालं, 'बारा-बारा तास काम करून घेतात, काही नियम नको का?' की पलीकडून आवाज येतो, 'काय रे, लाल बावटा हातात घेतलास का?' दुसरा म्हणाला, 'मेट्रो झाली ते बरं झालं', तर लगेच, 'आला बघ भक्त!' फॅमिली ग्रुपवर तर विचारूच नका. काकांच्या फॉरवर्डखाली पुतणीने एक प्रश्न टाकला, की काका तिला थेट 'लिबरल गँग'मध्ये जमा करतात, आणि ती काकांना म्यूटवर टाकते. दिवाळीला दोघं फराळाला समोरासमोर बसतात तेव्हा चकली छान झालीये यापलीकडे बोलायला काही उरलेलं नसतं.

इतकं सगळं ज्या शब्दांवर होतंय, त्या शब्दांचा अर्थ काय, असं कोणी विचारलं तर? मंडळी, इथेच खरी गंमत आहे.

सगळं सुरू झालं खुर्च्यांवरून

डावे आणि उजवे हे शब्द कुठल्या तत्त्वज्ञानातून आलेले नाहीत. ते आले बसण्याच्या जागेवरून. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. तिथल्या राष्ट्रीय सभेत वाद होता, सभेने केलेला कायदा रोखायचा अधिकार राजाला असावा की नसावा? असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, नसावा म्हणणारे डाव्या हाताला. झालं! त्या दिवसांतली ही बैठकव्यवस्था सव्वादोनशेहून अधिक वर्षं जगाच्या मानगुटीवर बसली आहे.

म्हणजे बघा, डावं किंवा उजवं असणं हे मुळात 'कोणाच्या' डावीकडे किंवा उजवीकडे, यावर ठरतं. शेजारी बदलला की तुमचीही बाजू बदलते, भले तुम्ही जागचे हलला नसाल.

पटत नाही? डेन्मार्कला चला. तिथे 'व्हेन्स्त्रे' नावाचा एक मोठा पक्ष आहे. या शब्दाचा डॅनिश भाषेत सरळ अर्थ 'डावे'. आणि आजच्या मोजमापानुसार तो पक्ष आहे चक्क मध्यम-उजवा! १८७० साली तो निघाला तेव्हा समोर राजनिष्ठ, जमीनदार मंडळींचा पक्ष होता. त्याच्या तुलनेत शेतकऱ्यांचा हा पक्ष डावाच होता. पुढे कामगारांचे सोशल डेमोक्रॅट वाढले आणि ते याच्याही डावीकडे जाऊन बसले. व्हेन्स्त्रेची खुर्ची आपोआप उजवीकडे गेली. पाटी मात्र तीच राहिली.

ऑनसाइट गेलात की लेबल बदलतं

आता समजा, हिंजवडीतला एक इंजिनीअर आहे. स्वतःला 'लिबरल' म्हणवतो. कंपनीने त्याला सिडनीला पाठवलं. तिथे पहिल्याच शुक्रवारी कलीग्जबरोबर बसल्यावर त्याने अभिमानाने सांगितलं, 'आय अ‍ॅम अ लिबरल.' टेबलावरच्यांनी समजायचं ते समजून घेतलं, की गडी उजव्या बाजूचा दिसतोय. कारण ऑस्ट्रेलियातला लिबरल पक्ष, जो रॉबर्ट मेन्झिस यांनी १९४४ साली उभा केला, तो तिथला प्रमुख उजवा पक्ष.

सहा महिन्यांनी प्रोजेक्ट न्यू जर्सीला गेला. तिथे तेच वाक्य, तोच माणूस, आणि लोकांनी त्याला डेमोक्रॅट्सच्या, म्हणजे डाव्यांच्या गोटात टाकलं. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या महामंदीत रूझवेल्ट यांच्या काळापासून 'लिबरल' म्हणजे सरकारने गरिबांसाठी खर्च करावा असं मानणारा. बरं, त्याच्या ओळखीचा लाल रंग तरी मदतीला येईल? तोही नाही. २००० सालच्या निवडणुकीपासून अमेरिकेत लाल रंग रिपब्लिकनांचा, म्हणजे उजव्यांचा झाला. गिरणगावात लहानाचा मोठा झालेला कोणी तिथे गेला, तर 'रेड स्टेट' ऐकून त्याला वाटायचं, वा! इथे कामगारांचं राज्य आलेलं दिसतंय!

मुळात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात लिबरल म्हणजे काय, तर व्यापार मोकळा ठेवा आणि सरकारने माणसाच्या आयुष्यात कमीत कमी लुडबुड करावी. या एकाच मुळाला दोन फांद्या फुटल्या. एकीने 'सरकारने बाजारातून हात काढावा' हे उचललं, दुसरीने 'माणसाला त्याच्या पद्धतीने जगू द्या' हे उचललं. आणि आज त्या फांद्या एकमेकींशीच भांडतात.

मग इथला उदार कोण?

आपल्या मराठीत तर हा घोळ आणखी मस्त आहे. १९९१ साली देशाने आर्थिक धोरण बदललं, तेव्हा 'लिबरलायझेशन'ला मराठी शब्द आला उदारीकरण. त्याला विरोध करणाऱ्यांनी खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण यांची पहिली अक्षरं घेऊन एक झकास शब्द केला, 'खाउजा'. सभांमध्ये, मोर्च्यांमध्ये खाउजाला कडाडून विरोध झाला.

आता आज 'लिबरल' म्हणून ज्यांना हिणवलं जातं, त्यातले बरेच जण या खाउजाच्या विरोधकांपैकीच आहेत. म्हणजे उदारीकरणाला विरोध करणारा तो उदारमतवादी! शब्दकोशाने कपाळावर हात मारावा अशी स्थिती. खुलासा सोपा आहे. १९९१ मध्ये भांडण पैशाचं होतं, तेव्हा शब्दाचा एक अर्थ चालला. आज भांडण धर्म, खाणंपिणं, लग्न आणि बोलण्याच्या स्वातंत्र्याचं आहे, तेव्हा दुसरा चालतो. शब्द एकच, भांडण बदललं.

आणि हे काही आजचं नाही. शाळेत आपण मवाळ आणि जहाल पाठ केलं होतं, आठवतंय? १९०७ च्या सुरत अधिवेशनात काँग्रेस फुटली, सभेत जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या. गोखले मवाळ, टिळक जहाल. पाच मार्कांचं उत्तर.

पण प्रश्न जरा फिरवा. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलींसाठी संमतीचं वय दहावरून बारा वर्षं करणारा. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, म्हणून टिळकांनी त्याला विरोध केला. सुधारणांचा आग्रह धरणारे आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. वीस वर्षांनी, १९११ मध्ये, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक कोणी मांडलं? 'मवाळ' गोखल्यांनी. सरकारने ते पुढच्या वर्षी हाणून पाडलं. मग सांगा, यांतला पुढे बघणारा कोण आणि मागे बघणारा कोण? इंग्रजांशी कसं वागायचं हे विचारलं, तर एक उत्तर. घरातल्या मुलीशी कसं वागायचं हे विचारलं, तर दुसरं. एका पट्टीवर हे दोन्ही मोजताच येत नाही, आणि आपण मात्र लेफ्ट-राइटच्या एकाच पट्टीने सगळ्यांची उंची घेत सुटलो आहोत.

कायद्याने आपण सगळे समाजवादी!

हसू नका, खरंच. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून २९अ हे कलम लागू आहे. पक्षाची नोंदणी करायची तर समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा असल्याचं पक्षाच्या घटनेत लिहून द्यावं लागतं. म्हणजे बाजारपेठेचा कितीही मोठा भक्त असलेला पक्ष काढा, नोंदणीच्या कागदावर तो समाजवादीच.

भाजपचंच बघा. १९८० साली पक्ष स्थापन झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत मोठं अधिवेशन भरलं. तेव्हा पक्षाने स्वीकारलेलं तत्त्व होतं गांधीवादी समाजवाद! संविधानाच्या प्रास्ताविकेत समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष हे शब्द आले १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, आणीबाणीच्या काळात. ते काढावेत म्हणून आलेल्या याचिका सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. पण फेटाळताना कोर्टाने काय सांगितलं? की आपल्याकडे समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य, त्यात खासगी उद्योगांना मज्जाव नाही. शब्द राहिला, अर्थ हळूच बदलून घेतला.

प्रत्यक्षातही तेच दिसतं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून मिळायला लागलं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेत दरमहा १५०० रुपये सुरू झाले. दोन्ही निर्णय ज्यांना आपण उजवे म्हणतो त्या सरकारांचे. आणि विरोधकांनी त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत काय म्हटलं? आम्ही ३००० देऊ! आता यात डावं-उजवं शोधून दाखवा.

माणसंही अशीच फिरतात. मिनू मसानी हे आपल्या मुंबईचे. १९३० च्या दशकात नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन यांच्यासारख्या तरुणांमध्ये ज्या समाजवादी पक्षाची कल्पना शिजली, त्या काँग्रेस सोशालिस्ट पक्षाच्या संस्थापकांत मसानीही होते. साल १९३४. पुढे रशियात स्टालिनने जे चालवलं ते पाहून त्यांचं मन फिरलं, आणि १९५९ मध्ये हेच मसानी राजाजींबरोबर स्वतंत्र पक्षात दिसतात. सरकारी नियंत्रणांच्या विरोधातला, मोकळ्या बाजाराचा पक्ष! १९६७ च्या लोकसभेत त्याचे ४४ खासदार होते. मसानी संधिसाधू होते का? त्यांचं लेखन वाचणारा असं म्हणणार नाही. माणसाला जास्तीत जास्त स्वातंत्र्य कसं मिळेल हा त्यांचा प्रश्न तोच राहिला, उत्तर बदललं.

आणि यांना कुठे बसवणार?

सगळ्यात अवघड पेपर म्हणजे शरद जोशी. रस्त्यावर उतरून कांद्याला, उसाला भाव मागणारे शेतकऱ्यांचे नेते. वाटतात ना डावे? पण तेच जोशी डंकेल प्रस्तावाचं स्वागत करत होते, सरकारने शेतमालाच्या बाजारातून बाजूला व्हावं म्हणत होते, आणि १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. मग उजवे?

थांबा. १९८६ मध्ये चांदवडला त्यांनी शेतकरी महिलांचं प्रचंड मोठं अधिवेशन भरवलं. पुढे 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेत शेतकऱ्यांनी आपली जमीन बायकोच्या नावावर केली. मग स्त्रीवादी? पुन्हा थांबा. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. तो एक कोण? शरद जोशी. आरक्षित मतदारसंघ दर निवडणुकीला फिरते ठेवण्याच्या पद्धतीवर त्यांचा आक्षेप होता.

डेटिंग अ‍ॅपच्या रकान्यात या माणसाने कुठली टिक मारली असती? एकही बसत नाही. पण एक-एक प्रश्न घेऊन विचारलं असतं, तर दर वेळी स्पष्ट, कारणासकट उत्तर मिळालं असतं.

शिवी की ओळख?

लेबल आपणच लावून घेतो असंही नाही. बऱ्याचदा ते दुसरा चिकटवतो. इंग्लंडात सतराव्या शतकात विरोधकांना 'टोरी' म्हणणं ही शिवी होती, कारण आयर्लंडमधल्या लुटारूंना तो शब्द वापरत. ज्यांना शिवी दिली त्यांनी ती मिरवायला घेतली, आणि तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं आजही तेच टोपणनाव आहे.

उलटाही प्रवास होतो. 'वोक' हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा शब्द. अन्यायाबाबत जागा असलेला, या अर्थाचा. २०१७ मध्ये त्याचा हा अर्थ ऑक्सफर्ड डिक्शनरीत गेला आणि पुढच्या पाच-सात वर्षांत तो टोमणा होऊन बसला. आपल्याकडे फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेऊन ज्या महाराष्ट्राला सगळेच पक्ष 'पुरोगामी' म्हणत आले, त्या शब्दाचं सोशल मीडियावर 'फुरोगामी' झालं. तिकडे 'भक्त' या शब्दाचंही तेच. वारीत चालणाऱ्या आजीसाठी तो सगळ्यात मोठा मान होता, नातवाच्या मोबाइलवर ती शिवी आहे.

पण लेबल म्हणजे नुसती कटकट, असं म्हणून सुटता येत नाही. 'दलित' या शब्दाचं उदाहरण घ्या. तुडवलेला, दडपलेला असा त्याचा अर्थ. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तरुणांनी तोच शब्द छाती पुढे काढून वापरला. १९७३ च्या जाहीरनाम्यात तर त्यांनी त्याचा अर्थ मुद्दाम ताणला. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन मजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया, जे कोणी नाडले जातात ते सगळे दलित. पुढच्याच वर्षी संघटना फुटली. एक मोठं कारण काय, तर या व्याख्येतून बुद्ध जास्त दिसतो की मार्क्स, यावर राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांचं जमेना.

म्हणजे लेबल ही चैनही नसते. ज्याला एकट्याने बोलून कोणी ऐकत नाही, त्याला 'आम्ही' म्हणायला एक शब्द लागतो. फक्त तो शब्द आत कोणाला घेतो आणि बाहेर कोणाला ठेवतो, हे बघत राहावं लागतं.

चौकट : छोटीशी डिक्शनरी

राष्ट्रवादी : इतर राज्यांत एक विचार, महाराष्ट्रात १९९९ पासून एक पक्ष. २०२३ च्या फुटीनंतर पुढचा प्रश्न, 'कुठली राष्ट्रवादी?'

सेक्युलर : मराठीत तीन भाषांतरं. धर्मनिरपेक्ष (सरकारला धर्म नाही), सर्वधर्मसमभाव (सरकारला सगळेच धर्म सारखे), निधर्मी (धर्मच नको). बोलणारा एक म्हणतो, ऐकणारा दुसरं ऐकतो.

शिवसैनिक : १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रजासमाजवाद्यांबरोबर, पुढे अनेक वर्षं भाजपबरोबर, २०१९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर, २०२२ नंतर दोन्हीकडे.

अपोलिटिकल : सध्या जे चाललंय ते मला चालतंय, असं म्हणण्याची सभ्य पद्धत. कधीकधी नुसता कंटाळाही.

तुमचं लेबल तपासा : पाच प्रश्न

हो किंवा नाही एवढंच उत्तर द्या. आणि कोणी बघत नाहीये, तेव्हा खरं द्या.

१. तुमच्या सोसायटीतल्या फ्लॅटमालकाला, बॅचलर किंवा दुसऱ्या धर्माचा म्हणून भाडेकरूला नकार देण्याचा हक्क असावा का?

२. तोट्यातली सिटी बस तुमच्या टॅक्सच्या पैशातून चालू ठेवावी का, तुम्ही स्वतः बाइकने जात असलात तरी?

३. तुमच्या लाडक्या नेत्यावर किंवा श्रद्धास्थानावर टीका करणारा सिनेमा थिएटरात लागू द्यावा का?

४. तुमच्या कंपनीत युनियन असावी का? आणि तुम्ही मॅनेजर झाल्यावर?

५. बहिणीने जातीबाहेर लग्न ठरवलं, तर निर्णय तिचा एकटीचा का?

आता उत्तरं बघा. पाचही एकाच बाजूची आली असतील तर अभिनंदन, तुमचं लेबल तुम्हाला अगदी फिट्ट बसतं. पण बहुतेकांची खिचडी झाली असणार. पहिल्यात मालकाच्या बाजूने, तिसऱ्यात सिनेमाच्या बाजूने, चौथ्यात 'मॅनेजर झाल्यावर बघू'. घाबरू नका, याचा अर्थ तुम्ही दुटप्पी आहात असा होत नाही. तुम्ही विचार करता आणि तुमचे विचार कोणी पॅकेज डीलमध्ये विकलेले नाहीत, एवढंच. जिथे आपलंच उत्तर आपल्याला खटकलं, तिथे मात्र जरा रेंगाळा.

हाच प्रयोग त्या म्यूट केलेल्या काकांवरही करून बघा. 'काका, तुम्ही उजवे का?' असं विचारलंत, तर भाषण मिळेल. 'काका, ताईने जातीबाहेर लग्न ठरवलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?' असं विचारलंत, तर कदाचित वेगळेच काका भेटतील. किंवा भेटणारही नाहीत, आणि मग तुमचं भांडण निदान खऱ्या गोष्टीवर होईल.

भांडणं मिटतील असा दावा नाही. टिळक-गोखल्यांचं शेवटपर्यंत मिटलं नाही. पण दोघांनाही नेमकं कशावर पटत नाही हे माहीत होतं. १९१५ मध्ये गोखले गेले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला टिळक आले आणि त्यांनी गोखल्यांच्या कामाचा गौरव करणारं भाषण केलं. आयुष्यभराच्या विरोधकाबद्दल इतकं बोलता यावं, यासाठी आधी त्याचं म्हणणं नीट ऐकलेलं असावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुम्हाला लिबरल, भक्त, डावा, वोक, काहीही म्हणालं, तर चिडून उलट शब्द फेकू नका. चहाचा कप खाली ठेवा आणि शांतपणे विचारा, 'म्हणजे नेमकं काय?' समोरच्याला उत्तर देता आलं, तर गप्पा रंगतील. नाही आलं, तर विषय बदला. चहाचे पैसे मात्र त्यालाच द्यायला लावा!